फाडलेल्या पानावरचा सेनापती

काही जुन्या पुस्तकांची किंमत त्यांच्या सुट्या पानांच्या बेरजेपेक्षा कमी असते. जुन्या पुस्तकांच्या धंद्यात हे गणित सगळ्यांना ठाऊक आहे. दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये छापलेला, लढायांच्या इतिहासाचा एखादा खंड घ्या. कातडी बांधणी सुटलेली, पुठ्ठा निखळलेला, काही पानं कसरीनं खाल्लेली. असा खंड आहे तसा विकायला ठेवला तर गिऱ्हाईक मिळता मिळत नाही. पण त्यात सेनापतींची वीस चित्रं असतील, तर ती ब्लेडनं कापायची, प्रत्येकाला माउंट लावायचा आणि एकेक करून विकायची. पैसे लवकर येतात आणि जास्त येतात. उरतो तो मजकूर. चारपाचशे पानं. ती कोणालाच नको असतात, म्हणून ती रद्दीत जातात.

मी अशी चित्रं जमवतो. त्यामुळे पुढचा प्रश्न माझ्यासाठी वर्गातल्या चर्चेचा नाही, खिशातल्या पैशांचा आहे. ज्या चेहऱ्यासाठी त्याची हकिगत रद्दीत गेली, तो चेहरा विकत घेणं बरोबर आहे का?

आधी ही वस्तू काय असते ते सांगतो, कारण फोनच्या स्क्रीनवर ती नीट कळत नाही. तांब्याच्या पत्र्यावर कारागीर टोकदार हत्यारानं चित्र कोरतो, तेही उलटं. कोरलेल्या रेघांमध्ये शाई भरायची, वरची शाई पुसून काढायची, पत्र्यावर ओलसर कागद ठेवायचा आणि दोन जड रुळांच्या मधून दोन्ही एकदम काढायचं. दाबामुळे कागद रेघांत शिरतो आणि शाई उचलतो. त्यामुळे अशा चित्रावर बोट हलकेच फिरवलं तर शाईच्या रेघा जाणवतात, आणि पत्र्याच्या कडांचा चौकोनी वळ कागदावर कायमचा राहतो. छपाई काळ्या शाईत होते. रंग नंतर भरायचा. जलरंगांत, हातानं, एकेका कागदावर. म्हणून एकाच पत्र्यावरून निघालेल्या दोन प्रतींमध्ये एका सेनापतीचा कोट शेंदरी असतो, तर दुसऱ्यात डाळिंबी.

चित्राखाली बारीक अक्षरांत सहसा नावं असतात. डाव्या कोपऱ्यात मूळ चित्रकाराचं, उजव्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचं, मध्ये प्रकाशकाचा पत्ता आणि तारीख. ही तारीख हौसेनं घातलेली नसते. विल्यम होगार्थ या चित्रकाराच्या चित्रांच्या चोरट्या नकला लंडनमध्ये सर्रास विकल्या जात. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी खटपट करून १७३५ साली कायदा करून घेतला. पत्र्यावर मालकाचं नाव आणि तारीख असेल, तर चौदा वर्षं दुसऱ्या कोणाला नक्कल करता येणार नाही, असा तो कायदा. रंग भरणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नसतं. लंडनमधल्या स्ट्रँड रस्त्यावर रुडॉल्फ आकरमान याचं छापचित्रांचं मोठं दुकान होतं. तिथे फ्रेंच राज्यक्रांतीतून पळून आलेले निर्वासितही रंगकाम करून पोट भरत. समोर एक रंगवलेला नमुना ठेवायचा आणि तसेच्या तसे कागद रंगवत बसायचं. सेनापतीच्या छातीवरचा लाल रंग ज्यानं दिला, त्याला स्वतःला कदाचित कुठल्याच सेनापतीचं नाव ऐकायची इच्छा उरली नसेल.

मला हे सगळं आवडतं. रेघांची शिस्त आवडते, कागदाचा वास आवडतो, दोन शतकांनीही न उडालेला निळा रंग आवडतो. सेनापतींचीच चित्रं का, असं कोणी विचारलं तर दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडत मोठा झालेला कुठलाही मराठी माणूस याचं उत्तर देईल. घोडा, तलवार आणि लांब कुठेतरी बघणारा माणूस यांची ओढ आपल्याला लहानपणीच लागते.

आता एक विशिष्ट चित्र. माझ्याकडे लॉर्ड कॉर्नवॉलिसचं तळहाताएवढं कोरीव चित्र आहे. लाल कोट, पांढरे केस, भरलेले गाल, शांत डोळे. एखाद्या बँकेचा निवृत्त मॅनेजर वाटावा असा माणूस. चित्राच्या डाव्या कडेला ओळीनं बारीक भोकं आहेत. ती बांधणीच्या दोऱ्याची. म्हणजे हे पुस्तकातून काढलेलं पान. रंग मात्र त्या काळातला नाही. तो फार ताजा आहे आणि कागदावरच्या जुन्या डागांच्या वर बसलेला आहे. चित्र सुटं झाल्यावर, चांगला भाव यावा म्हणून, कोणीतरी अलीकडे रंगवलंय. आणि कागदावर आडव्या, फिकट तपकिरी ओळींची एक सावली आहे. पुस्तक दोनशे वर्षं मिटून राहिलं की समोरच्या पानावरची शाई चित्रावर उतरते, आरशात दिसावी तशी उलटी. फोननं फोटो काढून तो उलटा फिरवला तर ओळी सरळ होतात. शब्द लागत नाहीत, पण ओळी कुठे सुरू होतात आणि परिच्छेद कुठे संपतो ते दिसतं.

म्हणजे हकिगतीचं पान रद्दीत गेलं, पण जाण्याआधी दोन शतकं ते या चेहऱ्याला टेकून होतं. त्याची खूण अजून त्याच्या गालावर आहे.

त्या ओळींच्या जागी काय यायला हवं, ते इतर पुस्तकांतून सहज गोळा करता येतं. हाच कॉर्नवॉलिस १७८१ साली अमेरिकेत यॉर्कटाउनला वेढ्यात सापडला. गुलामीतून पळून, सुटकेच्या आशेनं शेकडो काळी माणसं ब्रिटिश सैन्याच्या आश्रयाला आली होती. अन्न संपत आलं, देवीची साथ पसरली, तेव्हा त्यातल्या अनेकांना, आजाऱ्यांनासुद्धा, छावणीबाहेर काढून दोन सैन्यांच्या मध्ये सोडून देण्यात आलं. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी सैन्य शरण गेलं. शरणागतीच्या समारंभाला सेनापती स्वतः आला नाही. आजारपणाचं कारण सांगून त्यानं दुय्यम अधिकाऱ्याला पुढे केलं. पाचच वर्षांनी, १७८६ साली, तो गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. १७९२ साली त्यानं टिपू सुलतानाला तहावर सही करायला लावली. १७९३ साली बंगालमध्ये कायमधारा लागू केला. १८०५ साली, दुसऱ्यांदा गव्हर्नर जनरल म्हणून आलेला असताना, तो गाझीपूरला वारला. गंगेकाठी त्याची कबर आजही आहे.

शांत डोळ्यांच्या त्या चित्रात यातलं काहीही दिसत नाही. दिसायची सोयच नाही. तो चेहऱ्याचा दोष नव्हे. चेहरा एवढंच करू शकतो. म्हणून तर समोर पान होतं.

तुम्ही म्हणाल, ते पुस्तक तरी काय खरं सांगणार होतं? इंग्रजानं इंग्रजांसाठी लिहिलेलं, म्हणजे आरतीच असणार. असेल. पण आरती करणाऱ्या पुस्तकालाही गावांची नावं द्यावी लागतात, तारखा द्याव्या लागतात, मेलेल्यांचे आकडे द्यावे लागतात. त्यातला एखादा धागा पकडून दुसरं पुस्तक उघडता येतं, लेखकाला खोटं पाडता येतं. मजकुराशी भांडता येतं. चेहऱ्याशी भांडता येत नाही. चेहरा फक्त आवडतो किंवा आवडत नाही.

या खरेदीच्या बाजूनं तीन युक्तिवाद केले जातात. तिन्ही मी स्वतःशी अनेकदा केले आहेत.

पहिला: पान आधीच फाटलंय. मी घेतलं नाही म्हणून ते परत शिवलं जाणार नाही. हे खरं आहे. पण देवळातल्या मूर्तीचं कापलेलं शिर विकत घेणाराही हेच म्हणतो. विकत घेणं म्हणजे झालेल्या गोष्टीचे पैसे देणं, असं आपल्याला वाटतं. दुकानदाराच्या वहीत तीच पुढच्या मालाची मागणी म्हणून लिहिली जाते.

याचा जुना दाखलाही आहे. १७६९ साली जेम्स ग्रेंजर नावाच्या एका इंग्लिश पाद्र्यानं इंग्लंडमधल्या नामवंतांच्या कोरीव चित्रांची, त्यांच्या चरित्रांसह, एक सूची छापली. पुस्तकात चित्रं नव्हती. कोणाचं कोणतं चित्र उपलब्ध आहे एवढीच माहिती. लोकांना नादच लागला. सूची घ्यायची, आणि त्यात सांगितलेली चित्रं दुसऱ्या पुस्तकांतून कापून आणून तिच्यात चिकटवायची. या छंदाला इंग्रजीत ग्रेंजरचंच नाव मिळालं. चित्रांचे भाव चढले आणि कितीतरी पुस्तकं सोलली गेली. ग्रेंजर सज्जन माणूस होता. कापणारेही दुष्ट नव्हते; इतिहासावर प्रेम करणारेच होते. म्हणूनच हा दाखला महत्त्वाचा वाटतो. पुस्तकं ज्यांनी सोलली त्यांना पुस्तकं आवडत होती.

दुसरा युक्तिवाद मला जास्त वजनदार वाटतो. अखंड, चांगल्या स्थितीतलं पुस्तक मोठ्या ग्रंथालयात असतं किंवा श्रीमंताच्या कपाटात. सुटं पान मला परवडतं. पुस्तक फुटलं म्हणून पुण्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये अठराव्या शतकातलं तांब्याचं कोरीवकाम पोचलं. ही सुद्धा एक वाटणी आहे, आणि ती अगदी अन्यायाची नाही. याला माझं उत्तर एवढंच की वाटणी अर्धी झाली. दिसायला छान ते सगळ्यांना मिळालं, वाचायचं होतं ते कोणालाच नाही. आणि शिवाय पर्याय आहे. त्या काळातली खूपशी चित्रं सुटीच छापली जात, दुकानाच्या खिडकीत टांगून सुटीच विकली जात. ती घेताना कुठल्याही पुस्तकावर ब्लेड चालत नाही. बांधणीची भोकं नाहीत, वरच्या कोपऱ्यात खंड आणि पान क्रमांक कोरलेला नाही, पत्र्याभोवती रुंद समास आहे, अशी चिन्हं बघायला शिकता येतं.

तिसरा युक्तिवाद आजचा. पुस्तकं स्कॅन झाली आहेत. मजकूर फुकट वाचायला मिळतो. मग एक प्रत फुटली तर काय गेलं? काही प्रमाणात हे मान्य आहे. पण मजकूर उपलब्ध असणं आणि तो चेहऱ्याला लागून असणं यांत फरक आहे. चित्र बघितल्यावर किती जण उठून ते स्कॅन शोधतात? बांधणीचा दोरा आपल्याला विचारत नसे. चेहरा बघायला पान उघडलं की हकिगत समोर यायचीच.

आता चेहऱ्याबद्दल थोडं. आपण समजतो की चेहरा ही माणसाची सगळ्यात खात्रीची खूण. छापचित्रांच्या इतिहासात तीच सगळ्यात सहज बदलणारी गोष्ट आहे. १४९३ साली न्यूरेंबर्गला छापलेल्या हार्टमान शेडेलच्या प्रसिद्ध इतिहासग्रंथात अठराशेच्या आसपास चित्रं आहेत आणि ती सहाशेहून थोड्या जास्त लाकडी ठोकळ्यांवरून छापलेली आहेत. तोच चेहरा इथे एक राजा, तिथे दुसरा. फरक फक्त बाजूच्या नावात.

सतराव्या शतकातलं उदाहरण तर गमतीचं आणि भयंकर आहे. पिएर लोंबार या कोरणाऱ्यानं घोड्यावर बसलेल्या सेनानायकाचं एक मोठं चित्र कोरलं. रचना घेतली व्हॅन डाइकनं रंगवलेल्या इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाच्या चित्रावरून. डोकं बसवलं ऑलिव्हर क्रॉमवेलचं. तांब्यावरची रेघ घासून, मागून ठोकून सपाट करता येते आणि तिथे नवं कोरता येतं. राजकारण फिरलं तसं पत्र्यावरचं डोकं फिरलं. क्रॉमवेल पुसला गेला, चार्ल्स आला. मधल्या एका अवस्थेतल्या प्रतीही आहेत, ज्यात स्वाराला मुंडकंच नाही. घोडा तोच, चिलखत तेच, बाजूचा पोऱ्या तोच. १६४९ साली ज्या राजाच्या मृत्युदंडाच्या हुकुमावर क्रॉमवेलनं सही केली, तो राजा आणि तो सही करणारा, दोघे एकाच धडावर बसून विकले गेले. घेणारे दोन्ही वेळा भक्तिभावानंच घेत असणार.

आपल्याकडेही असं झालंय. छत्रपती शिवाजी महाराजांचं म्हणून एकेकाळी भलत्याच व्यक्तीचं चित्र छापलं जात होतं. वा. सी. बेंद्रे यांनी जुन्या डच आणि इंग्रजी साधनांचा माग काढत महाराजांचं समकालीन परंपरेतलं चित्र लोकांपुढे आणलं. ते कशामुळे शक्य झालं? चित्राच्या सोबत मजकूर होता म्हणून. कोणी काढलं, कोणाकडे होतं, कोणत्या ग्रंथात गेलं, हे कुठेतरी लिहिलेलं होतं. त्या चित्राच्या मागची कागदपत्रं एखाद्या माझ्यासारख्या हौशी माणसासाठी कोणी फेकून दिली असती, तर आपण आजही दुसऱ्याच कोणाला मुजरा करत असतो.

इथपर्यंत आल्यावर नियम सोपा वाटतो. फाडलेलं घेऊ नका, सुटं छापलेलं घ्या. पण सुट्या चित्रांकडे नीट बघितलं की लक्षात येतं, काही पानं छापायच्या आधीच फाडलेली असतात.

तिसऱ्या म्हैसूर युद्धाच्या शेवटी, २६ फेब्रुवारी १७९२ रोजी, टिपूची दोन मुलं ओलीस म्हणून कॉर्नवॉलिसच्या छावणीत आणली गेली. एक दहाच्या आसपासचा, दुसरा आठच्या. या प्रसंगाची लंडनमध्ये इतकी चित्रं निघाली की त्या काळचा तो ट्रेंडिंग विषयच म्हणायला हवा. रॉबर्ट होम हा चित्रकार सैन्यासोबत होता, त्यानं काढलं. मॅदर ब्राउन हिंदुस्थानात कधी आलाच नाही, त्यानंही काढलं. या चित्रांवरून कोरीव छापचित्रं निघाली, रंगली, घराघरांत लागली. सगळ्यांत दृश्य साधारण एकच: हत्ती, निशाणं, पांढऱ्या झग्यांतली गोंडस मुलं, आणि हात पुढे करून वाकलेला, प्रेमळ आजोबांसारखा कॉर्नवॉलिस. त्यानं त्या मुलांना सोन्याची घड्याळं दिली, हे सगळीकडे कौतुकानं सांगितलं गेलं.

त्या चित्रातून काय कापलं गेलंय? अर्धं राज्य. तीन कोटी तीस लाख रुपये. ती मुलं त्या रकमेची हमी म्हणून ठेवली होती आणि १७९४ साली परत गेली. आणखी एक गोष्ट कापली गेलीय, जी मराठी वाचकानं विसरू नये. त्या युद्धात पेशवे आणि निजाम इंग्रजांचे भागीदार होते. परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके फौजा घेऊन श्रीरंगपट्टणपर्यंत गेले होते. टिपूच्या अर्ध्या राज्याचे तीन वाटे झाले, त्यातला एक पुण्याच्या दरबाराचा. त्या दोन मुलांच्या ओलीस राहण्यावर आपलीही सही आहे. मी ते चित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला फक्त इंग्रजांचं ढोंग दिसलं. तह वाचल्यावर आपली माणसं दिसायला लागली. चित्रात ती जवळजवळ नाहीतच, आणि आपल्या आठवणीतही फारशी नाहीत. दोन्हीकडून एकाच जागी ब्लेड चाललंय.

म्हणजे फाडणं हे दुकानदाराचं एकट्याचं काम नाही. आपल्याला हवा तो चेहरा ठेवायचा आणि नको तो हिशेब टाकून द्यायचा, ही सवय त्याच्या ब्लेडच्या कितीतरी आधीची आहे. दुकानदार फक्त त्या सवयीला माल पुरवतो.

आणि आता माल फुकट आहे. आपल्यापैकी प्रत्येकाच्या खिशात रंगवलेले सेनापती आहेत. डीपीला, स्टेटसला, रीलच्या पार्श्वभूमीला, मागे दणदणीत संगीत लावून. पाहिजे तो रंग भरता येतो, छाती रुंद करता येते, डोळ्यांत अंगार घालता येतो. आकरमानच्या दुकानातल्या निर्वासिताचं काम आता ॲप करतं. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलच्या स्टेटसवरून जमाव रस्त्यावर आला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. त्या वेळी जी नावं चर्चेत होती त्यात टिपूचंही होतं.

टिपूचीच हकिगत त्याच्या चेहऱ्याला लावून बघा. १७८४ साली त्यानं मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना हजारोंनी पकडून श्रीरंगपट्टणला नेलं; वाटेत आणि कैदेत किती मेले. कोडगूच्या लोकांची गत वेगळी नव्हती. १७९१ साली परशुरामभाऊंच्या सैन्याबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, आणि मठ पुन्हा उभा राहावा म्हणून टिपूनं पैसे पाठवले, स्वामींना आदरानं पत्रं लिहिली. ४ मे १७९९ रोजी तो किल्ल्याच्या दाराशी लढत मेला. ही सगळी वाक्यं एकाच माणसाची आहेत. एकाचं स्टेटस पहिलं वाक्य फाडून टाकतं, दुसऱ्याचं स्टेटस बाकीची. दोघांच्याही हातात शेवटी चेहराच उरतो, आणि चेहऱ्यावर एकमत होणं शक्यच नाही. कारण भांडायला लागणारा मजकूर दोघांनीही रद्दीत घातलेला असतो. मग दगड उरतो.

मग काय करायचं? सगळी चित्रं उतरवायची? मला ते पटत नाही. चित्रं नसती तर कॉर्नवॉलिसबद्दल यॉर्कटाउनपर्यंत जाऊन वाचायची मला गरजच पडली नसती. चेहरा हे दार आहे. त्याला घर समजलं की चूक होते.

मी माझ्यापुरते तीन नियम केले आहेत. एक: विक्रेत्याला विचारतो, बाकीचं पुस्तक कुठे आहे? उत्तर टाळलं, किंवा एकाच पुस्तकाची वीस पानं शेजारी शेजारी टांगलेली दिसली, तर घेत नाही. दोन: न रंगवलेलं चित्र मिळालं तर ते काळंच ठेवतो. नवा रंग देऊन कोणाला तरुण करायचं नाही. तीन: फ्रेमच्या मागे एक कागद चिकटवतो. त्यावर माझ्या हस्ताक्षरात त्या माणसाची हकिगत असते, निदान पानभर. काय केलं, कुठे, कधी, कोणाचं काय झालं. मला आवडतं ते आणि आवडत नाही ते, दोन्ही. आपल्या माणसाची फ्रेम असली तर दुसरा भाग लिहिताना हात जड होतो. तो जड व्हावा म्हणूनच नियम आहे.

माझी भाची कॉलेजात आहे. दिवाळीला आली होती तेव्हा तिला कॉर्नवॉलिस आवडला, म्हणजे फ्रेम आवडली. "मामा, हा हिरो की व्हिलन?" म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता फोटो काढला. मी फ्रेम उलटी करून मागचा कागद दाखवला. तिनं दोन ओळी वाचल्या. "तू एवढं लिहितोस खरं," ती म्हणाली, "पण मागचं कोण वाचणार?"

प्रश्न बरोबर आहे. भिंतीकडे तोंड करून असलेला कागद कोणी वाचत नाही. पण तो लिहिण्यासाठी मला तह वाचावा लागला, देवीनं आजारी असलेल्या, छावणीबाहेर काढलेल्या माणसांबद्दल वाचावं लागलं, आणि पुण्याच्या वाट्याचा एक तृतीयांश हिस्सा स्वतःच्या अक्षरात लिहावा लागला. चेहरा जो ठेवतो, त्याला हिशेब ठाऊक असला पाहिजे; दुसऱ्यांनी वाचणं ही नंतरची गोष्ट. पैसे दिले म्हणून चित्राची मालकी मिळते. ते भिंतीवर लावायचा हक्क मला वाटतं पानभर लिहिल्यावर मिळतो.

तुमच्याकडे तांब्यावरची कोरीव चित्रं नसतील. फोनमध्ये एखादा घोडेस्वार नक्की असेल. तो काढून टाका असं मी म्हणणार नाही. त्याच्याबद्दल दहा ओळी लिहून बघा, तारखांसकट, आणि त्यातल्या निदान दोन अशा असू द्या ज्या लिहायला तुम्हाला नको वाटतील. त्या दोन ओळी सुचत नसतील, तर तुमच्याकडेही फाडलेलं पानच आहे.